एक काम, तीन आडनावं: वॉकर, फुलर, टकर

११ जानेवारी २०२५, लीड्स

किराणा आणताना मुलतानी मातीचं पाकीट घेतलं. पाकिटाच्या एका बाजूला हिंदीत ‘मुलतानी मिट्टी’, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ‘फुलर्स अर्थ’, म्हणजे फुलरची माती. लहानपणापासून हे दोन्ही शब्द बघत आलेय, पण हा फुलर कोण, असा प्रश्न कधी पडला नव्हता. आज ओट्याशी उभ्या उभ्या शब्दकोश उघडला. फुलर हा कोणी एक माणूस नव्हता, तो एक धंदा होता. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड पाण्यात तुडवून स्वच्छ आणि घट्ट करून देणारा कारागीर म्हणजे फुलर. कापडातली चरबी शोषून घ्यायला तो जी माती वापरायचा, तीच ही.

त्याच पानावर पुढे होतं की याच कारागिराला इंग्लंडच्या उत्तरेत वॉकर आणि नैऋत्येत टकर म्हणत. आमच्या शेजारच्या आजी माहेरच्या वॉकर. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या समज असा, की कोणीतरी पूर्वज फार चालायचा, बहुधा टपाल वाहायचा. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. आधी स्वतःची खात्री करून घेते.

वाचनालयात उन्हाळ्यात स्थानिक इतिहासाचं प्रदर्शन आहे. एक भिंत मागितली होती, पण विषय ठरत नव्हता. आता ठरला. भिंत जूनअखेर तयार हवी.

१५ जानेवारी

शब्दांपासून सुरुवात केली. तिन्ही शब्द एकाच कामाचे असले तरी तिघांची कुळं वेगळी आहेत.

फुलर लॅटिनमधून आला. रोमन लोक या कारागिराला फुलो म्हणत. जुन्या इंग्रजीत त्याचं फुल्लेरे झालं, आणि १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर आलेल्या फ्रेंच शब्दाने त्याला आणखी बळ दिलं. वॉकर मात्र अस्सल जर्मानिक घरातला. जुनं इंग्रजी क्रियापद ‘वेअल्कन’, अर्थ लोळवणं, घोळवणं, उलटंपालटं करणं. जर्मनमध्ये आजही ‘वाल्कन’ म्हणजे लोकर तुडवून घट्ट करणं, आणि वॉकर हे तिकडेही आडनाव आहे. याच क्रियापदाला ‘पायी चालणं’ हा अर्थ पुढे मध्ययुगात चिकटला. म्हणजे आडनाव ज्या अर्थातून निघालं तो अर्थ भाषेतून गेला, आणि नंतरच्या अर्थाने आडनावाला नवीच गोष्ट जोडून दिली. टपालवाला पूर्वज तिथून आला.

टकर ज्या क्रियापदातून आला, त्याचा जुन्या इंग्रजीतला अर्थ छळणं, हाल करणं. कापडाचे हाल करणारा तो टकर.

मध्ययुगातला तो साधा लेखनिक माझ्या डोळ्यांपुढे येतो. त्याला करवसुलीसाठी गावातल्या चार जॉनांपैकी एकाला वेगळं काढायचं होतं. त्याने गावकरी ज्या नावाने हाक मारत तेच लिहून घेतलं. त्या गावची बोली त्या कागदावर उतरली आणि तिथेच राहिली.

१९ जानेवारी

रात्री फोनवर आईला सांगत होते. ती सांगोल्याची, त्यामुळे घोंगड्यांत वाढलेली. मी लोकर म्हटल्यावर ती लगेच घोंगडी विणणाऱ्या सनगरांवर गेली, सुताला चिंचोक्याची खळ कशी लावतात, नवं घोंगडं अंगाला कसं टोचतं. मग म्हणाली, “अगं, पण एका कामाला तीन आडनावं यात नवल काय? गावाचा हिशेब लिहिणारा आपल्याकडे कुलकर्णी, खाली कारवारकडे शानभाग. काम तेच ना?”

माझ्या डोक्यात आठवडाभर जे घोळत होतं ते तिने एका दमात सांगून टाकलं. भिंतीवर हे लावायचं का? इथल्या लोकांना कुलकर्णी समजावत बसावं लागेल. पण मराठीत कोणाला सांगताना मी हेच उदाहरण देणार.

२६ जानेवारी

काम नेमकं काय होतं, ते लिहून काढलं, कारण आडनावापेक्षा मला आता या कामातच जीव अडकल्यासारखं झालंय.

मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरळ असतं. मेंढीची चरबी आणि विणताना लावलेलं तेल त्यात तसंच असतं. उजेडात धरलं तर आरपार दिसतं, वारा थांबत नाही. ते आधी धुऊन चरबी काढायची. त्यासाठी माती, आणि त्याआधी कुजवलेली लघवी. शिळ्या लघवीत अमोनिया तयार होतो आणि तो चरबी सोडवतो. रोममध्ये रस्त्याच्या कडेला त्यासाठी मडकी ठेवलेली असत, आणि व्हेस्पेशियन सम्राटाने या लघवीच्या व्यापारावर कर बसवला होता. इंग्लंडमध्येही कापडाच्या गावांत ती घरोघर साठवत आणि विकत.

मग तुडवणं. लोकरीच्या तंतूवर माशासारखे बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. कापड आकसतं, जाड होतं, धागे एकजीव होतात. सुती कापडाला खवले नसतात, त्याला हे होतच नाही. आपल्याकडे रोजचं कापड सुती, म्हणूनच असावं, पण या कामाला मराठीत एकच एक शब्द मला सापडला नाही. तुडवणं म्हणते.

१४व्या शतकातल्या विल्यम लँगलंडच्या ‘पिअर्स प्लोमन’ या काव्यात हे सगळं चार ओळींत आहे. मागावरचं कापड पायाखाली किंवा लाकडी हातोड्यांखाली तुडवून, पाण्यात धुऊन, काटेरी बोंडांनी खरवडून, ताणून शिंप्याच्या हातात जाईपर्यंत अंगावर घालण्याजोगं नसतं, असं तो म्हणतो. त्यात फुलरचं क्रियापदही आहे आणि टकरचंही. सहाशे वर्षांपूर्वीच्या माणसाने माझी टिपणं तपासून दिल्यासारखं वाटलं.

८ फेब्रुवारी

नकाशाला हात घातला. पाया १८८१ ची जनगणना. ३ एप्रिल १८८१ च्या रात्री जो जिथे होता तिथे त्याची नोंद झाली, आणि १९८०–९० च्या दशकांत हजारो स्वयंसेवकांनी ती पूर्ण जनगणना हाताने उतरवून काढली. त्यांच्या त्या कष्टांमुळेच मला आज घरी बसून आडनावं मोजता येतात.

नकाशा मात्र फसला. नुसते आकडे रंगवले तर तिन्ही आडनावांत लंडन गडद. लंडनमध्ये माणसंच इतकी, की काहीही मोजलं तरी तेच पुढे येणार.

९ फेब्रुवारी

दर दहा हजार माणसांमागे किती, असं करून पुन्हा रंगवलं. चित्र एकदम उघडलं.

वॉकर: यॉर्कशर, लँकशर, डर्बीशर, वर डरहॅमपर्यंत आणि पुढे स्कॉटलंडातही. फुलर: ससेक्स, केंट, सरे, तसंच सफक आणि नॉरफक. टकर: डेव्हन, सॉमरसेट, कॉर्नवॉल, आणि ब्रिस्टलच्या खाडीपलीकडे दक्षिण वेल्सचा किनारा. सीमेवर रंग एकमेकांत मिसळतात, पण मधला गाभा स्वच्छ दिसतो. कापड तुडवणाऱ्याला कोणत्या मुलखात काय हाक मारत, त्याचा हा १३व्या–१४व्या शतकातला बोलीनकाशा आहे, आणि तो १८८१ मधल्या माणसांच्या नावांत उतरलाय. मध्ये रेल्वे आली, कारखाने आले, खेडी रिकामी झाली, तरी तो पुसला गेला नाही. किती वेळ पडद्याकडे बघत बसले कोण जाणे. चहा गार झाला.

ताडून पाहायला हेन्री ब्रूम गपी यांची १८९० ची मोजणी काढली. त्यांनी फक्त शेतकऱ्यांची आडनावं मोजली होती, कारण शेतकरी जमीन सोडून सहसा हलत नाही. युक्ती साधी आणि फार शहाणपणाची. त्यांच्याकडेही तीच तीन टोकं.

१६ फेब्रुवारी

वेल्समध्ये कापड तुडवायच्या गिरणीला ‘पंडी’ म्हणतात. टोनिपंडी हे गाव त्यावरूनच. आणि फ्लँडर्समध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या बाजूला, फुलरचं आडनाव डे फोल्डर. भिंतीवर कोपऱ्यात घेते.

२ मार्च

आज फाटे तपासले, कारण एक आडनाव म्हणजे एकच उगम असं मानणं ही या विषयातली नेहमीची चूक.

न्यूकासलजवळ टाइन नदीकाठी वॉकर नावाचा भाग आहे. त्याचा अर्थ रोमन भिंतीजवळची दलदल. कापडाशी संबंध नाही. थोडे वॉकर तिथून आलेले असू शकतात. आयर्लंडमधले काही टकर मुळात ओ तुआखर, इंग्रजी लिहिणाऱ्यांनी त्यांना ओळखीच्या नावात बसवलं. अमेरिकेत गेलेल्या जर्मन वॉकरांना तर अक्षरही बदलावं लागलं नाही.

अमेरिकेत २०१० च्या जनगणनेत वॉकर पहिल्या पस्तीस आडनावांत आहे, आणि त्यात मोठा वाटा आफ्रिकन-अमेरिकन लोकांचा. त्यांच्यातल्या अनेकांकडे हे नाव गुलामांच्या मालकांच्या कुटुंबांकडून आलं. त्यांच्या पूर्वजांनी यॉर्कशरचं कापड तुडवलं नव्हतं, त्यांनी दुसऱ्यांसाठी कापूस वेचला. केसांच्या प्रसाधनांचा मोठा उद्योग उभा करणाऱ्या मॅडम सी. जे. वॉकर जन्माने सारा ब्रीडलव्ह. वॉकर हे त्यांच्या नवऱ्याचं आडनाव. आडनावाचा अर्थ सांगताना ‘तुमचे पूर्वज अमुक करत’ असं सरसकट म्हणायचं नाही, ही ओळ पहिल्या फलकावर ठळक हवी.

२२ मार्च

पायीच टेंपल न्यूसमला गेले. आज तिथे बाग, मोठं जुनं घर आणि गुरं आहेत. इंग्लंडमधल्या पाण्यावर चालणाऱ्या कापड-तुडवणी गिरण्यांच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक इथली, ११८५ ची. टेंप्लर या लढवय्या ख्रिस्ती साधूंच्या पंथाने आपल्या मालमत्तेची मोजदाद केली, त्यात ती आली. दुसरी त्याच मोजदादीत, कॉट्सवल्ड्समधल्या बार्टनची.

म्हणजे आडनावं पक्की व्हायच्या आतच पायाचं काम पाण्याच्या चाकाकडे जायला लागलं होतं. आडनावं वडिलांकडून मुलाकडे जाण्याची पद्धत इंग्लंडमध्ये साधारण १४०० पर्यंत रुळली, उत्तरेत त्याहून उशिरा. ज्यांच्या नावात कायमचा वॉकर बसला, त्यांतल्या अनेकांनी पायाने कापड तुडवलंच नसेल. ते गिरणीवर कापड उलटत, पाणी सोडत, माती घालत बसलेले असणार. १९४१ मध्ये इतिहासकार एलिनोरा कॅरस-विल्सन यांनी या बदलाला १३व्या शतकातली औद्योगिक क्रांती म्हटलं होतं. त्यावर पुढे बरीच चर्चा झाली. क्रांती हा शब्द मला मोठा वाटतो, पण पायांची सुटका झाली हे खरंच.

५ एप्रिल

न्हाणीघरातला प्रयोग.

एका हातमागवाल्या बाईंकडून न धुतलेलं, न तुडवलेलं लोकरीचं कापड मिळालं. लांबी माझ्या चार विती, रुंदी तीन. खिडकीशी धरलं तर समोरचं झाड दिसत होतं. मुलतानी माती कोमट पाण्यात कालवून त्यात भिजवलं आणि हाताने चोळलं. दहा मिनिटांत पाणी राखाडी तपकिरी झालं आणि घरभर ओल्या मेंढीचा वास सुटला. लघवी वापरली नाही. मुलीला तेवढ्यावरच हायसं वाटलं.

मग पाणी ओतून साबणाचा कीस, जेमतेम सोसेल इतकं गरम पाणी, आणि टबमध्ये पाय. पहिली वीस मिनिटं काहीच झालं नाही. तळव्याला एकेक धागा वेगळा टोचत होता, कापड घसरून कोपऱ्यात गोळा व्हायचं, पुन्हा पसरायचं. मुलगी आणि मी आळीपाळीने. चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास पायाखालचा पोत बदलला. धागे लागेनासे झाले. दाट सायीवर पाय द्यावा तसं मऊ, एकसंध काहीतरी. तासाभराने थांबलो, तेव्हा पोटऱ्या भरून आल्या होत्या आणि पायांची बोटं पांढरी सुरकुतली होती.

पिळून मोजलं. चार विती होतं ते सव्वातीन. तीन होतं ते अडीचला थोडं कमी. खिडकीशी धरलं, झाड दिसेना.

आमचं हे फडक्याएवढं कापड. खऱ्या थानाची लांबी वीस-तीस हात. ते लोक हिवाळ्यात, ओढ्याच्या पाण्यात, दिवसभर हे करत होते. त्या वासासकट.

६ एप्रिल

कापड चौकटीवर ताणलं. तुडवलेलं कापड तसंच वाळू दिलं तर वेडंवाकडं आकसतं, म्हणून लांब लाकडी चौकटींवर, कडांना आकडे अडकवून, उन्हात ताणून ठेवत. या चौकटी म्हणजे टेंटर, आकडे म्हणजे टेंटरहुक. जीव टांगणीला लागला की इंग्रज माणूस ‘मी टेंटरहुकांवर आहे’ असं म्हणतो तो याच आकड्यांवर. बाजारात मिळणाऱ्या साध्या खिळ्यांनी काम भागवलं.

१७२० च्या दशकात डॅनियल डीफो हॅलिफॅक्सच्या बाजूने गेला, तेव्हा जवळजवळ प्रत्येक घराशी एक चौकट आणि प्रत्येक चौकटीवर कापड, असं त्याने लिहून ठेवलंय. रात्रभर उघड्यावर राहणारं कापड चोरणं सोपं. हॅलिफॅक्समध्ये साडेतेरा पेन्स किंवा जास्त किमतीच्या मालाच्या चोरीला मुंडकं उडवण्याची शिक्षा होती, त्यासाठी गावात यंत्रच उभं होतं. शेवटची शिक्षा १६५० मध्ये झाली.

३ मे

लँकशरमधलं हेल्मशोर. १७८९ मध्ये टर्नर कुटुंबाने कापड तुडवण्यासाठीच बांधलेली गिरणी, आता संग्रहालय. लाकडी हातोडे पाहिले. हातोडा म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं त्याच्या कितीतरी पट मोठे, एकेक माझ्या कमरेच्या वर. डोक्याच्या पुढच्या बाजूला पायऱ्यांसारख्या खाचा. कापड ज्या लाकडी कुंडात पडतं त्याचा तळ गोल. प्रत्येक ठोक्याबरोबर खाचा कापडाला थोडंसं वळवतात, म्हणून ते एकाच जागी मार खात नाही, आपोआप फिरत राहतं. आमचं कापड टबच्या कोपऱ्यात गोळा होत होतं, ती अडचण इथे कोणीतरी सुताराने खाचा पाडून सोडवली होती. त्या खाचांवरून हात फिरवायचा मोह झाला, पण हात लावायला परवानगी नव्हती.

लीड्समध्येच आर्मली मिल्सला १७८८ मध्ये पाच पाणचक्क्यांवर असे अठरा हातोडे चालत. वॉकर हे आडनाव इतकं वाढलं, त्याचं उत्तर या दऱ्याखोऱ्यांत आहे. लोकर आणि सुताच्या गिरण्यांनी उत्तरेची लोकसंख्या भराभर वाढवली, आणि तिथे आधीपासून असलेली आडनावं तिच्याबरोबर वाढली. १८५३ मध्ये इंग्लंड-वेल्सच्या निबंधकांनी सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांची यादी काढली, त्यात वॉकर पहिल्या वीसांत आहे. फुलर आणि टकरचे मुलूख त्या काळात तितके फुगले नाहीत. धंदा तिघांचा एकच होता. पुढच्या शतकांत कोणाच्या दारात गिरण्या आल्या, त्यावर संख्या ठरली.

१८ मे

भिंतीसाठी नव्हे, स्वतःसाठी एक संध्याकाळ काढली. ही तीन आडनावं आपल्या इतिहासात कुठे भेटतात?

मुंबई उच्च न्यायालयाची इमारत कर्नल जेम्स ऑगस्टस फुलर यांची. १८७१ ला काम सुरू, १८७८ ला पूर्ण. फ्रेडरिक टकर हे मुंगेरला जन्मलेले, सनदी नोकरी सोडून साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेचं काम घेऊन १९ सप्टेंबर १८८२ ला मुंबईत उतरलेले. त्यांनी फकीर सिंग हे नाव घेतलं, भगवी वस्त्रं नेसली आणि अनवाणी फिरले. आणि बडोद्याचे रेसिडेंट, म्हणजे तिथले ईस्ट इंडिया कंपनीचे प्रतिनिधी, अलेक्झांडर वॉकर, ज्यांच्या १८०७ च्या बंदोबस्ताने काठियावाडच्या संस्थानिकांनी गायकवाडांना आणि पेशव्यांना द्यायची खंडणी ठरली.

मी शाळेच्या सहलीत फोर्टमधल्या त्या काळ्या दगडी इमारतीखाली उभी राहिले होते. घरात मुलतानी माती होती. दोघांचं आडनाव एकच, हे कळायला मला लीड्सला यावं लागलं.

१२ जून

डेव्हनमध्ये, एक्सेटरला. फोर स्ट्रीटवरचा टकर्स हॉल, १४७१ चा. विणकर, फुलर आणि कापड कातरणारे यांच्या संघाची ही जागा. संघाच्या औपचारिक नावात फुलर, आणि इमारतीला लोक म्हणतात टकर्स. कागदावरचा शब्द आणि रस्त्यावरचा शब्द एकाच दारावर. हा फोटो भिंतीच्या मधोमध लावायचा.

परतीच्या गाडीत इतर नावांची यादी केली: विणणारे वेब आणि वेब्स्टर, रंगवणारे डायर आणि लिस्टर, कातरणारे शर्मन, लोकर पिंजणारे टोझर. हात शिवशिवतायत, पण या वर्षी तीनच.

२६ जून

मांडणी लागली. चार फलक, दोन नकाशे, खाली टेबलावर मातीची वाटी आणि कापडाचे दोन तुकडे, एक तुडवलेला, एक न तुडवलेला. ‘हात लावा’ अशी पाटी मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहिली.

शेजारच्या आजींना पहिल्या दिवशीच घेऊन गेले. त्यांनी फलक सावकाश वाचले. आडनावाबद्दल काही बोलल्या नाहीत. टेबलाशी आल्या आणि दोन्ही तुकडे बोटांत धरून बघत राहिल्या. आयुष्यभर शिवणकाम केलेली बाई. पर्समधून लहान कात्री काढून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आधी न तुडवलेल्याची कड कापली, लगेच धागे सुटून लोंबायला लागले. मग तुडवलेल्याची. कड सुरीने खवा कापावा तशी स्वच्छ राहिली. त्यांनी ती नखाने उसवायचा प्रयत्न केला, दोनदा, तिसऱ्यांदा जरा जोर लावून. एक धागा सुटला नाही.

“किती वेळ तुडवलंस?” त्यांनी विचारलं.

“तासभर. दोघींनी.”

त्यांनी कापलेली पट्टी घडी करून पर्समध्ये ठेवली. नोंद: टेबलावरचा तुडवलेला तुकडा आता एक बोट अरुंद आहे, मापाची चिठ्ठी बदलायची.